मूठ वळते पण उघडत नाही, मग बॉल दाबू का? स्ट्रोकनंतरचे हातपाय: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर म्हटलं होतं की स्ट्रोक, म्हणजे आपल्याकडे लकवा म्हणतात किंवा अंगावरून वारं गेलं म्हणतात ते, त्यानंतर हातापायांच्या हालचालीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून पत्रं आली. सगळी इथे मावणार नाहीत म्हणून पाच घेतलीत, नावं काढून टाकलीत. आणि आधीच सांगून ठेवते, बॉल या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कुठलंही पत्र उघडा, त्यात तो आहेच.

प्रश्न: नमस्कार ताई, मी डिचोलीहून लिहितेय. बाबा ६१ वर्षांचे, आधी खाणीवर ट्रक चालवायचे. चवथीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना अटॅक आला आणि उजवी बाजू गेली. सुरुवातीला हात एकदम लुळा होता, उचलून ठेवू तिथेच पडून राहायचा. आता पाच महिने झाले, हात छातीशी वाकलेला असतो आणि मूठ इतकी घट्ट की नखं तळव्यात रुततात. भावाने म्हापशाच्या बाजारातून स्पंजचा बॉल आणला, बाबा दिवसाला तीनशे वेळा दाबतात आणि चांगला जोरात दाबतात, आम्हाला वाटलं ताकद आली, पण चमचा धरायला दिला की हात उघडतच नाही. अजून एक विचित्र म्हणजे जांभई आली की तोच हात आपोआप वर जातो. शेजारची आजी म्हणते देवाने हात परत दिला. हे चांगलं लक्षण आहे का, की आमचं काही चुकतंय?

उत्तर: बॉल आजपासून बंद कर बाय. शेजारच्या पोरांना देऊन टाक खेळायला. रागावत नाहीये, मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत पेशंटना असे बॉल वाटलेत. मग एकदा आमच्या मोठ्या मॅडमनी माझ्याच पेशंटचा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, आता उघडून दाखव. मला काही तो उघडता आला नाही.

काय होतं ते सांगते. हात हलवायचा हुकूम मेंदूच्या एका बाजूकडून निघतो, मानेच्या जरा वर मेंदूच्या देठाशी दुसऱ्या बाजूला जातो आणि मग कण्यातून खाली हातात येतो, म्हणून बाबांचा उजवा हात गेला म्हणजे इजा डाव्या मेंदूत. पण मेंदू नुसतं "हल" म्हणून सांगत नसतो, "पुरे, आता सैल हो" हेही तोच सांगतो. स्ट्रोक झाल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, सगळंच गप्प होतं, म्हणून हात लुळा. मग खाली कण्यात जी यंत्रणा आहे ती जागी होते पण वरून लगाम ओढणारं कोणी राहिलेलं नसतं, त्यामुळे स्नायूला जरा ताण बसला की तो उलटा आवळतो. हातात वाकवणारे स्नायू वरचढ ठरतात म्हणून खांदा आत, कोपर वाकलेलं, मनगट खाली, मूठ बंद. आम्ही याला स्पॅस्टिसिटी म्हणतो, तू ताठरपणा म्हण. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम म्हणून एक फिजिओबाई होत्या, स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या, त्यांनी लुळेपणापासून सुट्या सुट्या हालचालींपर्यंत पायऱ्या मांडून ठेवल्यात, आजही आमच्या फायलींवर त्यांचंच नाव असतं. बाबा मधल्या पायरीवर आहेत. ती पायरी येतेच, तिची भीती नको, भीती आहे ती तिथेच बसून राहण्याची.

आता सांग, या हाताला मूठ वळायला शिकवायची गरज आहे का? ती तर न सांगता वळलेलीच आहे. तीनशे वेळा दाबून तुम्ही तेच पक्कं करताय. चमचा धरायला आधी हात उघडावा लागतो आणि तोंडात घास गेल्यावर तो सोडावाही लागतो, बाबांचं अडतंय ते तिथे. ज्याचा हात अजून लुळाच आहे आणि मूठ वळतच नाही त्याला बॉल दिला तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडे हात बघायच्या आधी बॉल येतो ना! बोटं उघडणं किती मोलाचं आहे ते एका आकड्यावरून बघ. नेदरलँड्समध्ये १८८ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. स्ट्रोकनंतर ७२ तासांत ज्यांना बोटं थोडी तरी उघडता येत होती आणि खांद्यातून हात बाजूला नेता येत होता, त्यांच्यात सहा महिन्यांनी हाताने थोडंफार काम करता येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली, ज्यांना दोन्ही जमत नव्हतं त्यांच्यात २५ टक्के. तिथे मूठ किती जोरात वळते त्यावर अंदाज बांधला नव्हता. बाबांचे ते पहिले तीन दिवस कधीच गेले, तेव्हा हा आकडा त्यांना लावत बसू नकोस, मी तो फक्त कुठल्या हालचालीला भाव द्यायचा ते कळावं म्हणून सांगितला.

जांभईचं म्हणशील तर आजीला वाईट वाटू देऊ नकोस, पण तो हात बाबांनी उचललेला नसतो. जांभई मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येते, तिथली वाट शाबूत असते आणि त्या वाटेवरून हातही वर ओढला जातो. डॉक्टर लोकांनी या प्रकाराला पॅराकायनेशिया ब्रॅकिअॅलिस ऑसिटन्स असं भलंमोठं नाव दिलंय, जांभईपेक्षा लांब. शिंक आली, खोकला आला, उठताना जोर लावला की कोपर जास्त वाकतं, तेही याच जातीतलं. वाईट लक्षण नाही, पण सुधारणा म्हणून मोजू नका.

मग करायचं काय. पहिलं, मूठ बोटांपासून ओढून उघडू नका. हा ताठरपणा वेगावर चिडतो, झटका दिलात की दुप्पट आवळतो आणि सावकाश गेलात की सोडतो. आधी मनगट थोडं खाली वाकवा, म्हणजे बोटांच्या दोऱ्या सैल पडतात, मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या (टोकाला धरून नाही), मग बोटं सरळ करा आणि ती सरळ ठेवून मनगट हळूहळू वर आणा, दुखायला लागलं की थांबा. अर्धा-एक मिनिट धरा, घाई नको. तळवा धुवा, पूर्ण कोरडा करा, नखं कापा, आपल्याकडच्या दमट हवेत बंद मुठीत बुरशी यायला वेळ लागत नाही. मग तो उघडलेला तळवा टेबलावर टेकवून बाबांना त्यावर भार द्यायला सांगा. टॉवेल ठेवून पुढे सरकवणं, सोललेला नारळ तळव्याने पुढे लोटणं, घरात पोफळी असतील तर वाटीतली सुपारी उचलून दुसऱ्या वाटीत सोडणं, यात मोजायचं ते सोडणं, दहा वेळा सुटली तरी चालेल पण ती त्यांनी सोडलेली पाहिजे, खाली पडलेली नाही. आणि मध्ये मध्ये थांबा, दमलेला हात जास्त आवळतो.

एखाद्या दिवशी हात अचानक नेहमीपेक्षा कडक वाटला तर हातातच कारण शोधत बसू नका. बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, पायाचं नख आत रुतलेलं, पाठीवर जखम, घट्ट बूट, शरीरात कुठेही टोचत असलं की ताठरपणा वाढतो. माझ्या एका पेशंटचा हात आठवडाभर लाकडासारखा झाला होता, निघालं काय तर लघवीचं इन्फेक्शन.

गोळ्यांचं, बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन, हे न्यूरोलॉजिस्टने ठरवायचं. झोप येते त्यांनी, आणि बॅक्लोफेन मनाने एकदम बंद केलं तर धोका असतो, तेव्हा गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस राहू दे असं करू नका. शिवाय एक गंमत आहे, बरेच जण कडक झालेल्या पायाचाच खांबासारखा आधार घेऊन उभे असतात, गोळीने पाय सैल झाला की पडतात. म्हणून फक्त हातच अडत असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन बरं, ते ठरावीक स्नायूतच देतात. आठवडा-दोन आठवड्यांत सैलपणा येतो आणि साधारण तीन महिने टिकतो. स्वस्त नाही. आणि त्या तीन महिन्यांत वर सांगितलेला व्यायाम, स्प्लिंट (हात उघडा धरून ठेवणारी आधाराची पट्टी), काम केलं नाही तर पैसे गेले असं समजा. सुईने हात सैल होतो, चमचा धरायला तो आपोआप शिकत नाही.

प्रश्न: मॅडम, मी माशेलचा, वय ५४, भजनात हार्मोनियम वाजवतो. तीन महिन्यांपूर्वी डावी बाजू गेली. चालतो आता, बोलणं ठीक. डावा हात खांद्यापर्यंत येतो, मनगट थोडं वर होतं, बोटं थोडी उघडतात पण कामाला काही येत नाही, म्हणून सगळं उजव्यानेच करतो, त्याची सवयही झालीय. एका डॉक्टरांनी सांगितलं सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे काही होत नाही. मग माझ्याकडे तीनच महिने उरले का? परत पेटीवर बसता येईल?

उत्तर: "त्याची सवयही झालीय" हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य तेच. अमेरिकेतल्या एडवर्ड टाब या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अधू हाताने सुरुवातीला प्रयत्न फसतात, मग माणूस चांगल्याच हाताने उरकतो, आणि मेंदू शिकून घेतो की हा हात वापरायचाच नाही. पुढे हात सुधारला तरी ही शिकवणी जात नाही. त्यावरून त्यांनी एक उपचार काढला, त्याचं मूळ रूप बरंच कडक आहे: चांगल्या हाताला जाड मोजा घालून जागेपणीचा ९० टक्के वेळ तो बंद ठेवायचा आणि दोन आठवडे, रोज सहा-सहा तास, अधू हाताकडून काम करून घ्यायचं. हे कोणालाही करता येत नाही, मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश तरी वर उचलता यायला हवीत, तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्यात बसाल असं वाटतंय पण कोणीतरी मोजून बघायला हवं.

सहा महिन्यांचं: सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते हे खरंच आहे, पुढे वेग मंदावतो. पण मंदावतो म्हणजे दार बंद होतं असं नाही. याच उपचाराची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातले २२२ पेशंट स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिन्यांचे होते आणि ज्यांनी तो केला त्यांचे हात नुसत्या नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बरे चालू लागले, वर्षभराने बघितलं तरी फरक राहिला होता. तुमच्या डॉक्टरांना बहुतेक सांगायचं होतं की वेळ घालवू नका, ते ऐकताना "पुढे काही नाही" असं झालं असेल.

आता पेटी. तुम्ही नशीबवान आहात हो, गेलाय तो भात्याचा हात! पेटी खाली घ्या किंवा टेबलावर ठेवा, खुर्चीवर नीट बसा, आणि उजवा हात मांडीखाली ठेवून नुसता भाता मारा. स्वर एकच धरायचा, पट्टीवर एक सूर घरच्या कुणाला तरी दाबून धरायला सांगा. भाता सारखा चालला की सूर सलग येतो, हात अडकला की सूर तुटतो, म्हणजे चूक झाली ते कळायला फिजिओ शेजारी बसायची गरज नाही, कानच सांगतो. मी पेशंटना शंकू आणि खुंट्यांचे बोर्ड देते, त्यात कोणाचाही जीव रमत नाही, तुमच्याकडे रोज शंभर-दोनशे वेळा तीच हालचाल आवडीने करायचं साधन घरात आहे. सुरुवातीला पाच मिनिटं, मग विश्रांती, दिवसातून चार-पाच वेळा. खांदा कानाकडे उचलला जातोय का आणि अंग डावीकडे फेकलं जातंय का ते आरशात बघा, तसं होत असेल तर हात काम करत नाहीये, कंबर करतेय. बाकी दिवसभरात ठरावीक कामं डाव्याच्या नावावर लिहून टाका: दाराची कडी, दिव्याचं बटण, पाव मोडणं, टॉवेल पिळायला नुसता धरून ठेवणं.

परत सप्ताहात बसाल का? भात्यापुरतं मला शक्य वाटतं, तास-दोन तास सलग नाही सांगता येणार. पण पेटी मिळायची वाट बघत घरी बसू नका, टाळ धरायला तरी जा. स्ट्रोकनंतर तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं आणि ज्याचं मन बसलंय त्याचा हात कोणी हलवू शकत नाही.

प्रश्न: फोंड्याहून लिहिते. मिस्टरांना दोन महिन्यांपूर्वी लकवा झाला, वय ५८. फिजिओ दहा दिवस येऊन गेला, मग परवडेना, आता व्यायाम मीच घेते. उठवताना मी आजारी हाताला धरून ओढते कारण दुसरं काही सुचत नाही, ते वजनाने भारी आहेत. आता त्या खांद्यात इतकं दुखतं की रात्री ओरडतात, पंजाही सुजलाय. मी गरम पाण्याची पिशवी ठेवली तर फोड आला, त्यांना कळलंसुद्धा नाही. दीर म्हणतात कबुतराच्या रक्ताने मालिश करूया, ओळखीचा माणूस आहे. मी कुठे कमी पडतेय का?

उत्तर: वहिनी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भारतातच एक मोठा अभ्यास झाला, चौदा इस्पितळं, १२५० पेशंट, २०१७ मध्ये निकाल आला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून घरी व्यायाम करून घेतला तर पेशंट जास्त लवकर स्वतःच्या पायावर उभे राहतात का, हे बघायचं होतं. सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. यावरून घरचे व्यायाम फुकट असं मी म्हणणार नाही, पण घरच्या बाईने शिकून घेतलं की फिजिओची गरज संपली हे जे आपण सोयीने धरून चालतो ना, ते खरं नाही. सुधारणा कमी दिसतेय म्हणजे तुमच्या हातांत कमी काही आहे असं नाही. महिन्यातून दोन वेळा का होईना, जवळच्या सरकारी इस्पितळाच्या फिजिओ विभागात न्या, घरी काय करताय ते करून दाखवा, ते दुरुस्त करतील.

खांदा मात्र ओढून दुखावलाय. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू, त्याला जागेवर धरतात ते स्नायू, आणि तेच आता सैल आहेत. हाताचं वजन लोंबतं आणि सांधा खाली सरकतो, खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून बघा, खळगा लागेल. अशा हाताला ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही, आणि दाराला दोरी-कप्पी बांधून हात वर-खाली करायचा तो व्यायामसुद्धा नको, बरेच लोक तो हौसेने लावतात.

उठवायचं असं: गुडघे वाकवून घ्या, त्यांना कुशीवर वळवा, तुमचा हात त्यांच्या पाठीमागे खांद्याच्या फऱ्यावर आणि दुसरा कमरेवर, पाय खाटेखाली सोडा, पाय खाली जाताना वरचं अंग आपोआप वर यायला मदत होते, आणि ते चांगल्या हाताने खाट दाबतील. वजन तुम्ही उचलायचं नाहीये, वळवायचंय. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर, कधीही लोंबता नको. गळ्यातली झोळी उभं राहताना, चालताना थोडा वेळ ठीक, दिवसभर नको, तिच्यात हात वाकून तसाच राहतो. झोपताना हाताखाली उशी.

पंजा सुजलेला, त्यात तो गरम, लाल, चकचकीत दिसत असेल आणि हात लावला तरी दुखत असेल तर डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, खांदा-पंजा दोन्ही धरणारा एक दुखण्याचा प्रकार असतो, त्याचे उपचार लवकर सुरू केलेले बरे. गरम पिशवी बंद. चटका कळत नाही त्या हाताला शेक द्यायचाच नाही. फोडही डॉक्टरांनाच दाखवा.

आणि कबुतर. बिघाड मेंदूत आहे, कातडीवर काहीही चोळलं तरी ते तिथे पोचत नाही. तुम्ही रोज खोबरेल तेलाने हलक्या हाताने चोळा, हात मऊ राहतो, त्यांना बरं वाटतं, तुम्हालाही दहा मिनिटं शांत बसायला मिळतं. दिरांना सांगा, ते पैसे फिजिओला द्या.

प्रश्न: पेडणे. वय ४९, उजवा पाय ओढत चालतो, पंजा खाली पडतो, आतल्या बाजूला वळतो, दोनदा पडलो. पायात घालायचा प्लास्टिकचा पट्टा दिलाय पण घरात, देवळात चपला काढायच्या तर तो घालू कधी? आणि स्कूटर कधी चालवू शकेन? गाडीशिवाय आमच्याकडे काही होत नाही.

उत्तर: खरं आहे, हा पट्टा, एएफओ म्हणतात त्याला, ज्या देशात बनला तिथे लोक घरात बूट घालतात. आपण नेमके गुळगुळीत फरशीवर आणि उंच उंबरठ्यावर अनवाणी. घरासाठी बुटांचा एक वेगळा जोड ठेवा, बाहेर न वापरलेला, पट्ट्यासाठी एक नंबर मोठा, म्हणजे घरात चपला नकोत अशी कोणाची तक्रार राहणार नाही. देवळात बाहेर काढायचाच असेल तर बाजूला माणूस घेऊनच आत जा. पट्टा काढल्यावर तळपाय, घोटा रोज बघा, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा टोचतोय, बनवणाऱ्याकडून तो तापवून वाकवून घ्या.

काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ येतं, ते मे महिन्यातच घासून घ्या, सोप्याच्या पायऱ्यांना एका बाजूला तरी पाइपाची रेलिंग लावा. फेरीबोटीत गाड्या उतरून झाल्यावर शेवटी उतरा. कदंबच्या बसची पायरी तुम्हाला काही महिने उंच पडणार आहे, कंडक्टरला सांगायला लाजू नका.

स्कूटर आत्ता नाही. तुम्ही पायाचाच विचार करताय, पण उजवा हात कसा आहे ते लिहिलंच नाही, आणि ॲक्सिलरेटर, पुढचा ब्रेक दोन्ही त्याच मुठीत. त्या हातात ताठरपणा असेल तर घाबरल्यावर मूठ सुटण्याऐवजी आवळते, म्हणजे गाडी थांबवायच्या क्षणी पिळली जाते. काहींना एका बाजूचं दिसतच नाही आणि आपल्याला दिसत नाही हेही कळत नाही. आधी न्यूरोलॉजिस्टकडून नजर आणि हात तपासून घ्या. नंतर बाजूला दोन चाकं लावून घेतलेली स्कूटर हा एक मार्ग आहे, त्यासाठी आरटीओत वेगळी नोंद लागते. अपंगत्वाचा दाखला हवा असेल तर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा, ४० टक्के किंवा जास्त निघालं तर बऱ्याच योजना त्यावर चालतात.

प्रश्न: आमची मावशी, ६८ वर्षं, डायबेटिस आहे, साखळीला असते. परवापासून डावा हात आपोआप नाचल्यासारखा उडतोय, पायही थोडा. थांबवायला सांगितलं तरी थांबत नाही, झोपली की थांबतो. घरात म्हणतात भार आलाय, देवळात न्या. आधी तिला लहानसा स्ट्रोक होऊन गेलाय. काय करायचं?

उत्तर: देवळात मागाहून न्या, आज इस्पितळात न्या. स्ट्रोकमध्ये हात पडतोच असं नाही, मेंदूच्या आत खोलवर हालचालीला आवर घालणारे पेशींचे पुंजके असतात, त्यांना इजा झाली तर उलट हात नको तेवढा हलतो, याला कोरिया म्हणतात (देशाशी संबंध नाही). आणि डायबेटिस असलेल्या वयस्कर बायकांत साखर खूप चढली तरी एका बाजूला अगदी असंच होतं, नवीन स्ट्रोक नसतानाही, आणि साखर ताब्यात आली की बहुतेकांचं कमी होत जातं. म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर हे वाचून होताच बोटाला सुई लावा.

अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात पडला असं काही सोबत असेल तर वाट न बघता १०८, आणि ती शेवटची ठीक कधी दिसली होती ती वेळ लक्षात ठेवा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायचा असतो. हात ठराविक तालात झटके देत असेल आणि तिचं भान जात असेल तर ती फिट असू शकते, तेव्हाही तेच.

आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, दोन मिनिटांचा पुरे, चेहरा, दोन्ही हात आणि पाय एकदम दिसतील असा, ती जागी असताना एक आणि झोपलेली असताना एक. डॉक्टरसमोर नेमका हात गप्प बसतो, मग तुम्ही सांगत राहता आणि ते ऐकत राहतात.